समोरचा बाक

माणूस हरला की गाव त्याला वेडा म्हणतं आणि जिंकला की रावसाहेब. आमच्या गावात दोघंही होते. रावसाहेबांची तसबीर अजून म्युनिसिपालिटीच्या हॉलात टांगलेली आहे, वर हार घालून. वेड्याची तसबीर कुठंच नाही, म्हणून हे लिहायला बसलो. गावाचं नाव सांगत नाही. अलिबागच्या उत्तरेला, किहीमच्या आसपास, खाडीच्या तोंडाशी ते आहे, एवढं पुरे. ज्या सभेची ही गोष्ट, तिच्यात बसलेल्यांची नातवंडं अजून माझ्याशी बोलतात आणि या वयात मला नवी भांडणं झेपायची नाहीत. जुनीच पुष्कळ आहेत.

गाव ज्यांना वेडा म्हणालं ते वकील होते. सनद होती, काळा कोट होता, अशिलं मात्र बेताची. कारण समोरच्या वकिलाचा मुद्दा बरोबर असला की हे भर कोर्टात "बरोबर आहे" म्हणून मोकळे व्हायचे. अशा वकिलाकडं कोण जाणार? घरची नारळीपोफळीची वाडी होती म्हणून चूल पेटत होती. गाव तोंडावर त्यांना वकीलसाहेब म्हणायचं आणि पाठ फिरली की 'कॅनडावाले'. आता, हे गृहस्थ कधी कॅनडाला गेले नव्हते. मुंबईला जायचं म्हटलं तरी रेवसच्या धक्क्यावर नुसती आगबोट बघून ते मागं फिरायचे.

त्यांचे मेहुणे मुंबईला गोदीत कारकून होते. कुठल्याशा जहाजावरच्या गोऱ्या साहेबाचं सामान लिलावात निघालं, त्यातली चिनी मातीच्या बशांची पेटी त्यांनी बहिणीला, म्हणजे आमच्या वहिनींना, पाठवली. बशा कागदात गुंडाळलेल्या होत्या आणि तो कागद म्हणजे कॅनडातली वर्तमानपत्रं. वहिनी बशा पुसत बसल्या आणि हे कागद. तांब्यात निखारे घालून त्यांनी एकेक चुरगळलेलं पान इस्त्री केलं आणि वाचायला घेतलं. त्यात तिथल्या पार्लमेंटातलं एक भांडण नेमकं अर्ध्यावर तुटलं होतं. पुढचं पान नव्हतं. झालं! "विरोधी पक्षाचा माणूस उठलाय, त्यानं सवाल टाकलाय, आणि मुख्य प्रधानानं जबाब काय दिला तेवढंच नाही!" म्हणून आठवडाभर तळमळत होते. शेवटी मेहुण्यांना लिहिलं, जहाजांवरून उतरलेली कॅनडाची जुनी वर्तमानपत्रं मिळतील तेवढी पाठवा. मेहुणा भला माणूस. तो गठ्ठेच्या गठ्ठे पाठवू लागला. "बशा एकेक करून फुटल्या, कागद तेवढे घरात राहिले," असं वहिनी म्हणायच्या.

माझं तेव्हा बंदराच्या वाटेवर सोडावॉटरचं दुकान होतं. दुकानात दोन बाक, समोरासमोर. वकीलसाहेब रोज संध्याकाळी यायचे आणि दरवाज्याकडं तोंड करून, कायम त्याच बाकावर बसायचे. तिथं दुसरं कुणी बसलेलं असलं तर उभे राहायचे, पण पलीकडच्या बाकावर टेकायचे नाहीत. "तो सरकारचा बाक. हा आपला." माझ्या दुकानात सरकार कुठून आलं, विचारायची सोय नव्हती. लग्नात वऱ्हाडाच्या बरोबर समोर, कीर्तनात बुवांच्या बरोबर समोर. कीर्तनकार बिचारे त्यांच्याकडं बघूनच अडखळायचे.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा असा, की एका दिवशी एकच अंक. आमच्याकडं पावसाळ्यात आगबोटी बंद. नारळीपौर्णिमा झाली की सुरू व्हायच्या आणि मग मेहुण्यांचा थोरला गठ्ठा यायचा. हे तो तारखेवारी लावायचे आणि रोज एक वाचायचे. मी म्हणायचो, "अहो, पुढं काय झालं ते खालच्या अंकात आहे. काढा की!" तर म्हणायचे, "ज्या दिवसाचं त्या दिवशी. पुढचं माहीत असताना मत बनवणं ही लबाडी आहे." म्हणजे दोन महिन्यांपूर्वी मिटलेल्या भांडणावर हा माणूस आज संतापायचा आणि उद्या काय होईल या चिंतेत झोपायचा नाही. पुढचा अंक उशाशी!

लोकांनी टिंगल केली त्याचं मला नवल नाही. देशात चळवळ पेटलेली, पोरं खादी घालून तुरुंगात जायला निघालेली, आणि हा गृहस्थ साता समुद्रापलीकडच्या विरोधी पक्षाची उठाठेव करतोय. एकदा अशाच एका खादीवाल्या पोरानं दुकानात त्यांना चांगलं झाडलं. "वकीलसाहेब, घर जळतंय आणि तुम्ही शेजारगावच्या विहिरी मोजताय." मला वाटलं, आता बाटली फुटते. पण वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "बाळ, राज्य आपलं होईल. माझ्या हयातीत नाही, पण तुझ्या होईल. तेव्हा खुर्चीवर बसायला सगळे तयार असतील. तिच्या समोरच्या बाकावर बसायला कोण शिकलंय? विलायतेचं मी वाचत नाही, ते धन्याचं घर. कॅनडा आपल्यासारखाच बादशहाच्या छत्राखालचा. पण तिथं लोक सरकार पाडतात आणि पाडून घरी जेवायला जातात. ते कसं करतात, मला बघू दे." पुढं तेच पोरगं खुर्चीवर बसलं, आणि समोरचा बाक बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. असो.

घरीही हाच कारभार. वहिनी म्हणजे सरकार आणि हे विरोधी पक्ष. पानावर बसल्यावर सवाल व्हायचा, "आमटीत मीठ जास्त पडलं, याची सरकारला कल्पना आहे काय?" वहिनी एकदा वैतागल्या. पळी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सरकार राजीनामा देतंय. उद्यापासून चूल तुम्ही पेटवा." हे ताबडतोब म्हणाले, "छे छे! तयारी नसताना सत्ता घेणं हा गाढवपणा आहे. कॅनडात तेच झालं."

कॅनडात तेच झालं होतं, खरंच. सव्वीस सालची गोष्ट. तिथलं सरकार आधीच दुबळं, शेतकऱ्यांच्या एका तिसऱ्या पक्षाच्या टेकूवर उभं. त्यात त्यांच्या जकात खात्यात चोरट्या दारूची भानगड निघाली. वकीलसाहेब खूश. रोज संध्याकाळी दुकानात येऊन विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला शाबासकी द्यायचे. मग एके दिवशी अंक उघडला आणि ताडकन उभे राहिले. मुख्य प्रधानानं निवडणूक मागितली होती, गव्हर्नरानं नाही म्हटलं, प्रधानानं राजीनामा फेकला, आणि गव्हर्नरानं विरोधी पुढाऱ्याला बोलावून खुर्ची दिली. आणि त्यानं ती घेतली!

"घेऊ नकोस!" वकीलसाहेब रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले. बाहेरचा टांग्याचा घोडा बुजला. "अरे, डोकी मोजलीस का? तुझ्याकडं माणसं कुठं आहेत? ऊठ तिथून! त्या प्रधानाला रडू दे की अजून महिनाभर!"

"अहो, दोन महिन्यांपूर्वीची बातमी ही," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? चूक ती चूकच."

असे तीनचार दिवस ते रोज येऊन त्या माणसाला "ऊठ, ऊठ" सांगत होते. मग तो पडला. एका मतानं पडला. मला वाटलं आता म्हणतील, मी सांगत नव्हतो? पण त्या दिवशी ते आले ते लालबुंद होऊन. मी सोड्याची बाटली फोडून दिली तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"विश्वासघात," ते म्हणाले. "जोड मोडली त्यानं."

मग त्यांनी सांगितलं. तिकडं एक रीत आहे. विरुद्ध पक्षांचे दोन सभासद आपसांत जोड जमवतात. त्यातल्या एकाला दुखण्यामुळं, घरच्या अडचणीमुळं येता आलं नाही, तर दुसऱ्यानं सभेत बसायचं पण मत द्यायचं नाही. कुणाच्या घरच्या दुःखाचा फायदा दुसऱ्यानं उठवायचा नाही. कायदा नाही, लेखी नाही, नुसता शब्द. त्या रात्री अशा जोडीतला एक सभासद उठला आणि मत देऊन बसला, आणि त्याच एका मतानं सरकार गेलं. नंतर म्हणे तो म्हणाला, रात्र फार झाली होती, डोळा लागला होता, पुकारा झाला तसा झोपेत उठलो.

"झोपेत!" वकीलसाहेबांनी बाकावर मूठ आपटली. "पडायचा तो पडणारच होता. पडायलाच हवा होता. पण असा नाही! शब्द मोडून नाही!"

त्या झोपाळू सभासदाला त्यांनी त्या दिवशी ज्या शिव्या दिल्या, त्या पुढं दहा वर्षं थांबल्या नाहीत. गावात कुणी शब्द फिरवला, न्हाव्यानं उशीर केला, तरी "हा त्या कॅनडातल्या झोपाळूचा भाऊ" असं म्हणायचे.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पुढचं नाही.

आमच्या म्युनिसिपालिटीत वकीलसाहेब होते, मीही होतो. मत देणारे सभासद आठ. चार अध्यक्षांच्या बाजूचे, चार आम्ही. मतं सारखी पडली की अध्यक्ष आपलं मत घालायचे. म्हणजे दर वेळी मतं सारखी पडायची आणि दर वेळी आम्ही हरायचो. अध्यक्ष म्हणजे गावचे खोत, तेच पुढं रावसाहेब झाले. गोड बोलणारा माणूस. मला गोड बोलणाऱ्या माणसाची तेव्हापासून शिसारी आहे.

त्यांच्या चारांत एक हाजीसाहेब होते. कोकणी मुसलमान, लाकडाचे व्यापारी, स्वतःची दोन गलबतं. सभेत वकीलसाहेबांचं आणि त्यांचं कडाक्याचं वाजायचं आणि सभा सुटली की दोघं एका छत्रीतून घरी जायचे. कॅनडाची ती बातमी वाचून झाल्यावर वकीलसाहेबांनी ठरवलं की निदान आपल्या गावात तरी ही रीत नीट पाळायची. हाजीसाहेबांना माझ्या दुकानात बोलावून सगळं समजावलं. हाजीसाहेब मोठ्यानं हसले. "म्हंजे मी आजारी पडलो तर तुम्ही तोंड बंद ठेवणार? मग मला रोज आजारी पडावं लागेल, वकीलसाहेब!" पण मग गंभीर झाले आणि हात पुढं केला. "जबान दिली. तुमच्या घरी काय झालं तर मी गप, माझ्या घरी झालं तर तुम्ही गप." मी साक्षीला होतो. दोघांनाही सोडा फुकट पाजला, आणि ही जोड गावभर झाली.

कोळीवाड्याच्या खाली, भरतीच्या रेषेवर एक मोकळं मैदान होतं. खळं म्हणायचे त्याला. बांबूंच्या उंच मांडवावर बोंबील लटकवायचे आणि खाली वाळूत जवळा पसरायचा. अख्खा कोळीवाडा त्या खळ्यावर जगायचा. ओली मासळी काय, दुपारपर्यंत विकली नाही तर फेकायची. सुकवली तर पावसाळाभर पुरते, घाटावर जाते, पोरींची लग्नं होतात. जागा म्युनिसिपालिटीची, पण बापजाद्यांपासून कोळणी वापरत आलेल्या. मुंबईच्या एका शेठजींना समुद्रकाठी बंगला बांधायचा होता आणि नेमकी तीच जागा आवडली. खोतांनी ठराव आणला, जागा शेठजींना नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानं द्यायची. "गावाचा उत्कर्ष" म्हणे. थू!

हिराबाय नावाची कोळीण होती, उंचनिंच, आवाज असा की बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारावी. ती चारपाच जणींना घेऊन वकीलसाहेबांच्या पायरीशी आली. "दादा, आमचं खलं जातंय म्हनतात. तू हाय ना तिथं?"

"आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मी त्या बाकावर आहे तोवर खळं जाणार नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यांनी महिनाभर रात्रीचा दिवस केला. जुने नकाशे काढले, कलेक्टरकडं अर्ज केला, अर्ज फेटाळला गेला. सगळं शेवटी सभेतल्या मतांवर आलं. चार आणि चार. वर खोत. आम्ही हरणार हे उघड दिसत होतं.

आणि सभेच्या दिवशी सकाळी बातमी आली की मुरूडला हाजीसाहेबांच्या अम्मा वारल्या. ते पहाटेच मय्यतीला निघून गेले होते.

मी काही देवमाणूस नाही. बाईच्या जाण्याचं वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी हिशेब केला, त्यांचे तीन राहिले, आम्ही चार. खळं वाचलं! मी धावत वकीलसाहेबांकडं गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते, कोट चढवून.

"वकीलसाहेब, देवानंच सोडवलं!"

"जोड आहे," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "अहो, कसली जोड? हा काय कॅनडा आहे? तिथं हॉलाच्या पायरीवर बायका येऊन बसल्या आहेत! त्यांना काय सांगणार?"

"हाजीसाहेबांच्या घरात मयत झालंय. त्यांनी माझा हात हातात घेऊन शब्द घेतलाय. तू साक्षीला होतास."

"आणि हिराबायला दिला तो काय होता? तो शब्द नव्हता?"

ते झोपाळ्यावरून उठले. कोटाची बटणं मात्र चुकीच्या काजांत घातली होती, ती मी बघितली आणि रागानं तशीच राहू दिली.

हॉलाबाहेर कोळीवाडा जमला होता. सभा सुरू झाली. हाजीसाहेबांच्या आईच्या दुखवट्याचा ठराव झाला, सगळे उभे राहिले, बसले. मग खळ्याचा ठराव. मत घेण्याआधी खोत उभे राहिले, हात जोडले आणि वकीलसाहेबांकडं वळून म्हणाले, "आज या सभेत एक शब्दाचा पक्का माणूस बसलाय, याचा मला अभिमान वाटतो. आपल्यात मतभेद असतील, पण दुसऱ्याच्या दुःखाचा फायदा वकीलसाहेब घेणार नाहीत. असा विरोधक मिळायला भाग्य लागतं." आणि डोळे पुसले. खरंच पुसले, हरामखोरानं.

पुकारा झाला. ठरावाला तीन हात वर गेले. विरुद्ध आमचे तीन. वकीलसाहेब दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून, समोर बघत, ताठ बसून राहिले. मी त्यांचा कोट ओढला. ते हलले नाहीत. मतं सारखी झाली. खोतांनी खिन्न चेहऱ्यानं आपलं मत घातलं आणि खळं गेलं.

बाहेर आलो तर हिराबाय समोर. कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती ओरडली नाही, त्याचंच मला जास्त भय वाटलं. एवढंच म्हणाली, "दादा, आमची मासली आता कुटं सुकवाची? तुज्या कॅनडात?"

सगळं गाव हसलं. खोतांच्या बाजूचे हसले, आमच्या बाजूचेही हसले. गावाचा मला राग आहे तो यासाठी. ज्यानं लुबाडलं त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नाही, ज्यानं शब्द पाळला तो हास्यास्पद ठरला. आणि शब्द पाळणाऱ्याचाही मला राग होता, तो आज तरी का लपवू? दोन्ही राग बरोबरीनं होते आणि अजून आहेत.

हाजीसाहेब दहाबारा दिवसांनी परत आले. बंदरावरून थेट माझ्या दुकानात. वकीलसाहेब बाकावर होते. हाजीसाहेब सरकारी बाकावरही बसले नाहीत, उभेच राहिले.

"खळं गेलं?"

"गेलं," वकीलसाहेब म्हणाले. "पण जोड मी पाळली, हाजीसाहेब. अम्मांच्या मयतीचा फायदा घेतला नाही."

हाजीसाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "मला विचारलंत?"

"काय?"

"एकदा तरी विचारलंत, की हाजी, खळ्याचं तुझं मत काय? माझ्या गलबतांवर कोण आहे, वकीलसाहेब? कोळ्यांचीच पोरं हायत. त्यांच्या आयांच्या तोंडचा घास मी काढू? मी खोतांना आदल्या जुम्म्याला तोंडावर सांगून आलो होतो, या बाबतीत मी तुमचा न्हाय. मी असतो तर तुमचे पाच होते! तुम्ही कुणाशी जोड पाळलीत? आपली दोघांची मतं एकच होती!"

वकीलसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "तुम्ही... तुम्ही त्यांच्या बाकावर बसता."

"बाकावर बसतो. विकला न्हाय गेलो."

ते गेले. मला तेव्हा खोतांचं ते डोळे पुसणं आठवलं आणि अंगाची आग आग झाली. त्या माणसाला सगळं माहीत होतं. हाजी आले असते तर तो हरत होता, आले नाहीत तरी हरत होता. त्याला जिंकवणारी एकच गोष्ट होती, या वेड्याचा प्रामाणिकपणा. तो त्यानं हात जोडून वापरून घेतला. आणि आमच्या वकीलसाहेबांना कॅनडातल्या कोण कुठल्या सभासदाच्या मनात काय आहे ते ठाऊक, आणि रोज एका छत्रीतून येणाऱ्या माणसाला विचारायचं सुचलं नाही. पलीकडच्या बाकावर बसलाय, म्हणजे विरुद्धच असणार!

त्यानंतर त्या दोघांचं बोलणं तुटलं. वकीलसाहेब या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. चुकलो म्हणाले नाहीत, पश्चात्ताप दाखवला नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले आणि हिराबायला म्हणाले, "माझं अंगण मोठं आहे. वाडीतही ऊन येतं. मांडव घाला."

अहो, ब्राह्मण आळीत बोंबील! आळीला फेफरं यायचं बाकी राहिलं. भटजींनी पाय ठेवणं बंद केलं, सत्यनारायणाचं आमंत्रण बंद झालं. मी मासे खाणारा, मलासुद्धा जवळा सुकत असताना त्या वासापुढं दोन पावलं मागं सरावंसं वाटायचं. आणि हा कांदा न खाणारा माणूस त्या बोंबलांच्या मांडवाखाली खुर्ची टाकून कॅनडाची वर्तमानपत्रं वाचत बसायचा. आळीतल्या बायका शेवटी वहिनींकडं आल्या. त्यांना वाटलं, बाई तरी ऐकेल. वहिनी आधी आठ दिवस स्वतः नाकाला पदर लावून रडत होत्या, हे मला ठाऊक आहे. पण दारात आळी बघून ठसक्यात म्हणाल्या, "या घरात सरकार मी आहे. मी मंजूर केलंय. निघा."

खळ्यावर शेठजींचा बंगला झाला. मे महिन्यात आठपंधरा दिवस माणसं येत, बाकी वर्षभर कुलूप. कोळीवाड्यातली निम्मी माणसं उरण, मुंबईकडं गेली. उरलेल्यांना वकीलसाहेबांचं अंगण काही पुरणारं नव्हतं, पण तेवढं होतं. आणि वकीलसाहेबांच्या त्या झोपाळू सभासदाला शिव्या चालूच. उलट वाढल्या. कॅनडात तीस साली विरोधक खुर्चीवर आले, पस्तीस साली परत बाकावर गेले, सगळं वाचलं. पण बोलायचे ते त्या एकाच माणसाबद्दल. मी कधीकधी ओरडायचो, "पुरे आता! तो तिकडं मेलाही असेल!"

मग ते आजारी पडले. जलोदर. अंथरुणातून उठवेना. आणि नेमका त्याच वेळी शेठजींच्या कारभाऱ्याचा अर्ज म्युनिसिपालिटीत आला, की बंगल्याला मासळीच्या वासाचा उपद्रव होतो. खोतांनी ठराव मांडला, गावठाणात कुठल्याही खाजगी अंगणात मासळी सुकवण्याला बंदी. आधी खळं घेतलं, आता अंगणही. मधल्या काळात निवडणुका आल्या गेल्या, पण माणसं तीच. वकीलसाहेब अंथरुणात, म्हणजे आमचे तीन. त्यांचे हाजींसह चार.

सभेच्या दिवशी मी वकीलसाहेबांच्या उशाशी बसलो होतो. ओटीवर काठीचा आवाज झाला आणि हाजीसाहेब आत आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दाढी पार पिकली होती. बसले नाहीत.

"वकीलसाहेब, आज सभा हाय. तुम्ही येणार न्हाय. आपली जोड हाय, ती कुणी मोडली न्हाय. म्हणून विचारायला आलो. तुमचं मत काय?"

वहिनी दाराशी उभ्या होत्या.

वकीलसाहेबांनी मान त्यांच्याकडं वळवली. "अंगण माझं आहे. ज्याचा संबंध आहे त्याला त्या ठरावावर मत नसतं. मला मतच नाही तिथं जोड कसली? तुम्ही मोकळे आहात."

"कायद्याचं न्हाय विचारत. तुमचं मत विचारतोय."

"बोंबील सुकले पाहिजेत," वकीलसाहेब म्हणाले.

हाजीसाहेबांनी मान हलवली. "इतकंच तेव्हा मला विचारायचं होतं," म्हणाले आणि काठी टेकत सभेला निघून गेले. मी त्यांच्या मागून धावलो.

खोतांनी या वेळीही हात जोडले. या वेळीही जोडीचं काढलं, म्हणाले हाजीसाहेब शब्दाचे पक्के आहेत, ते आज तटस्थ राहतील. हाजीसाहेब उठून म्हणाले, "मी विचारून आलोय," आणि आमच्या बाकावर येऊन बसले. आमचे चार झाले, त्यांचे तीन. ठराव पडला. खोतांना आपलं मत घालायची पाळीच आली नाही. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून जेवण गोड लागतं.

मी बातमी घेऊन धावत परत आलो. वाटेत हिराबायला ओरडून सांगितलं. वकीलसाहेब डोळे मिटून पडले होते. मी सगळं सांगितलं, अगदी खोतांच्या जोडलेल्या हातांसकट. मला वाटलं, हसतील. त्यांनी विचारलं, "हाजीसाहेब आपल्या बाकावर बसले?"

"बसले."

ते खिडकीतून मांडवाकडं बघत राहिले. उन्हात बोंबील लटकत होते.

"खळं गेलं ते गेलंच," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो आता."

"त्या कॅनडातल्या माणसाला मी फार शिव्या दिल्या," ते म्हणाले. "तो निदान झोपेत होता तरी उठला. मी जागा होतो, आणि बसून राहिलो."